पाचवा शिक्का

सरकारी पत्राची भीती शिक्काबाईंना आयुष्यात कधी वाटली नव्हती. परदेशात माल पाठवून देणाऱ्या एका एजंटाच्या ऑफिसात एकतीस वर्षं त्या निर्यातीच्या टेबलावर बसल्या होत्या. सरकारी पत्र म्हणजे त्यांना वर्तमानपत्रासारखं. त्यामुळे मंगळवारी सकाळी लेकीच्या नावाचा लांबट लिफाफा आला तेव्हा त्यांनी तो सवयीने फोडला, सवयीने उभ्याउभ्याच वाचायला घेतला, आणि दुसऱ्या परिच्छेदाशी आल्या तशा चपलांच्या स्टँडवर मटकन बसल्या.

"काय झालं गं? कुणी गेलं का?" मास्तरांनी आतून विचारलं. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर घरातल्या प्रत्येक गोष्टीवर टिप्पणी करायला मोकळे.

"टिटवीने म्हणे परवान्याशिवाय नियंत्रित माल देशाबाहेर पाठवला."

"माल? तिच्याकडे माल कुठला? साधी पिशवी बरोबर न्यायची आठवण राहत नाही तिला."

"अहो, थट्टा पुरे. कैद लिहिलीय इथे. पाच वर्षांपर्यंत."

मास्तर बाहेर आले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पत्र वाचलं. मग तेही शेजारी बसले. चपलांचा स्टँड दोन माणसांसाठी केलेला नव्हता. तो करकरला, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही.

टिटवी त्यांची एकुलती एक. लहानपणी अखंड प्रश्न विचारायची म्हणून मास्तरांनी ठेवलेलं हे नाव चाळिशीला आली तरी सुटलं नव्हतं. घराच्या तळमजल्यावर तिचं आणि जावयाचं वर्कशॉप होतं. जावई कृत्रिम पाय बनवायचे. तीन खोल्या, भिंतीभर फळ्या, फळ्यांवर माणसांच्या पायांचे प्लास्टरचे साचे, प्रत्येकावर खडूने नंबर. मधल्या खोलीत यंत्र. साचा त्यात आडवा बसवायचा, तो संथ गोल फिरतो, आणि केसासारखा काळा चमकदार धागा राळेत भिजून त्याच्यावर तिरपा, आडवा, पुन्हा तिरपा असा गुंडाळत जातो. वाळला की पोलादाला भारी आणि वजनाला पुठ्ठ्यासारखा. हे काम जावई पूर्वी हाताने करायचे, एका पायाला दोन दिवस. घोट्यापाशी पाय निमुळता होतो तिथे धागा घसरायचाच. टिटवीने मग तीन वर्षं डोकं घालून एक प्रोग्राम लिहिला. धाग्याने कुठे किती तिरपं जायचं, कुठे वळायचं, कुठे दमाने घ्यायचं हे तो यंत्राला सांगे. दोन दिवसांचं काम पाऊण तासावर आलं.

बातमी पसरली. परदेशातल्या अशाच छोट्या वर्कशॉपांची पत्रं येऊ लागली. पहिल्या वर्कशॉपला टिटवीने प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून, सोबत यंत्राचा एक सुटा भाग देऊन, खोक्यातून पाठवला. खोकं बंदरावरच अडकलं. ड्राइव्हवर काय आहे, कशासाठी आहे, लेखी द्या, असं फाटकावरच्या साहेबाचं म्हणणं. तीन आठवडे गेले. तेव्हा शिक्काबाईंनी, आपल्या क्षेत्रातला प्रश्न आला म्हणून जरा ऐटीतच, लेकीला सांगितलं होतं, "अगं, ड्राइव्ह खोक्यात कशाला घालतेस? काढून घे. लिंक पाठव. तारेवरून जातं त्यावर सीमाशुल्क लावायचं नाही असं कितीतरी देशांनी मिळून ठरवलंय. शुल्क नाही तर कागद कसला?"

"नक्की ना, आई?"

"हे तू मला विचारतेस? छत्रीची मूठ कापडाशिवाय गेली तर शुल्काच्या कुठल्या नंबरात आणि कापडासकट गेली तर कुठल्या, हे झोपेत विचार."

लेकीने ऐकलं. आईवर विश्वास, दुसरं काय. ड्राइव्ह काढला, लिंक पाठवली. पुढे आणखी चौघांना पाठवली. पाचही जणांना फुकट. पाय मिळत नाही म्हणून घरात बसलेल्या माणसाकडून काय घ्यायचं, असं तिचं म्हणणं.

आता पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात टिटवीनेच त्या पहिल्या वर्कशॉपला लिहिलेला मेल जसाच्या तसा छापला होता. तिकडच्या सरकारने त्यांना यंत्राचा हिशोब विचारला, त्यांनी भाबडेपणाने सगळा पत्रव्यवहार जोडला, आणि तो फिरत फिरत इकडे आला होता. 'खोक्यातून पाठवलं की कागदांची कटकट होते. माझ्या आईने तीस वर्षं हेच काम केलंय. ती म्हणते, लिंकने पाठवलं तर काही लागत नाही.'

शिक्काबाईंनी ते वाक्य चार वेळा वाचलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक आकडा चुकला नव्हता, आणि चुकला तो पोटच्या पोरीच्या बाबतीत.

"कर नाही त्याला डर कशाला," मास्तर धीर द्यायला म्हणाले.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "कर नाही, एवढंच बघितलं मी."

*

व्यापार खात्याच्या अधिकारी टिटवीपेक्षाही लहान निघाल्या. टेबलावर एक पातळ फाईल, एक पाण्याचा ग्लास, दुसरं काही नाही. शिक्काबाईंना टेबलं ओळखता येत. ज्याच्या टेबलावर पसारा त्याला फसवता येतं. हे टेबल तसलं नव्हतं.

निघण्यापूर्वी जिन्यात त्यांनी लेकीला बजावलं होतं, "विचारतील तेवढंच सांगायचं. जास्तीचा एक शब्द म्हणजे जास्तीची एक चौकशी." हे त्यांच्या जुन्या शेठचं वाक्य. त्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्या दिवशी खुर्ची आणि हे वाक्य, दोन्ही एकदमच मिळत.

"तुमचा प्रोग्राम काय करतो?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"पाय गुंडाळतो," टिटवी म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे, साच्यावर धागा गुंडाळतो."

"किती दिशांनी यंत्र हलवतो?"

"चार."

"मग तो यादीत आहे. दुहेरी वापराच्या वस्तूंची यादी. रोजच्या कामालाही येतात आणि शस्त्रांच्याही."

टिटवी हसली. घाबरलं की ती हसते, लहानपणापासून. "शस्त्रं? बाई, आम्ही पाय करतो हो."

"हाच धागा, हेच तिरपे थर, मोठ्या नळीवर गुंडाळले की क्षेपणास्त्राचं कवच तयार होतं. यंत्राला काय कळतं पाय काय आणि कवच काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही लिंक दिलीत, समोरच्याने उतरवून घेतलं, त्या क्षणी निर्यात झाली. फुकट दिलं तरी. नंतर सुधारून पाठवलं तर ती वेगळी निर्यात."

"पण त्यावर शुल्क नाही ना..." शिक्काबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"शुल्क नाही. परवाना आहे. शुल्काचा दरवाजा वेगळा, परवान्याचा वेगळा." मग बाईंनी जरा निरखून पाहिलं. "मेलमधल्या आई त्या तुम्हीच का?"

शिक्काबाईंनी मान हलवली. त्यांचे कान तापले होते. त्या लाजेमागून एक वेगळीच गोष्ट मात्र वर येत होती, विहिरीत बुडालेली घागर वर यावी तशी. मोठ्या नळीवर, असं बाई म्हणाल्या होत्या. मोठ्या.

मागच्या वर्षी पाचव्या वर्कशॉपने टिटवीला एक ओळीची विनंती केली होती. प्रोग्राममध्ये साच्याची जाडी मांडीपुरतीच बसते, ती अर्ध्या मीटरच्या व्यासापर्यंत वाढवून द्याल का? टिटवी म्हणाली, साचा कितीही जाड असो, गणित तेच. एका दुपारात तिने मर्यादा काढून टाकली आणि नवी लिंक पाठवली. सगळे वर चहा पीत होते. जावई म्हणाले होते, "अर्धा मीटर? एवढी मांडी कुणाची? हत्तीची का?" मास्तरांनी त्यावर हत्तीला कृत्रिम पाय बसवायला किती शिड्या लागतील याचं गणित मांडलं होतं, आणि चौघं पोट धरधरून हसले होते.

शिक्काबाईंना आता त्या हसण्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. ग्लासातलं पाणी आपल्यासाठी आहे की नाही हे न विचारताच त्यांनी उचलून प्यायलं.

"एकूण किती जणांना दिलात?" बाई लेकीला विचारत होत्या.

"पाच." टिटवीने पाचही नावं-पत्ते लिहून दिले. काय काय बदललं, हे बाईंनी विचारलं नाही. शिक्काबाईंनी सांगितलं नाही.

निर्णय सरळ होता. पाचही जणांकडून, प्रोग्राम फक्त कृत्रिम अवयवांसाठी वापरतो आणि पुढे कुणालाही दिलेला नाही, असं सही-शिक्क्याचं हमीपत्र आणायचं. मूळ कागद, दोन प्रतींत, टपालाने. पाचही आली तर ताकीद देऊन फाईल बंद. नाही आली तर खटला.

बाहेर आल्यावर टिटवीने आईचा दंड धरला. "सुटले गं! नुसती पाच पत्रं तर आणायचीत. अशी काय बघतेस? तोंडावर माशी बसलीय तरी हाकलत नाहीस."

"हत्ती," शिक्काबाई म्हणाल्या.

टिटवीला कळायला दोन पायऱ्या लागल्या. तिसऱ्या पायरीवर तिने आईचा दंड सोडला.

त्या संध्याकाळी जावयांनी वर्कशॉपच्या फरशीवर एक खिळा धरला, दोरी लावली आणि खडूने अर्ध्या मीटरचं वर्तुळ काढलं. आकडा बोलायला सोपा असतो. वर्तुळात एक मोठं माणूस उकिडवं बसलं असतं. चौघं भोवती उभे राहिले.

"पाण्याची टाकी करत असतील," जावई शेवटी म्हणाले. "गॅसची असेल. काहीही असेल."

"असेल," टिटवी म्हणाली. "असेलच."

*

पाचव्या वर्कशॉपचं हमीपत्र सगळ्यांत आधी आलं. नवव्या दिवशी, जाड कागदावर, दोन प्रती, सही, शिक्का, कुठे खाडाखोड नाही. टिटवी ते नाचवत वर आली. "बघ! उगीच रक्त आटवलंस आमचं. लिहिलंय, फक्त अवयवांसाठी. व्यवस्थित माणसं आहेत."

मग बाकीची आली. एकावर चहाचा डाग होता. एकाने शिक्का उलटा मारून शेजारी सुलटा मारला होता. तिसऱ्याचा शिक्का इतका फिका की अर्धं नाव गायब. चौथ्याने पाकिटात सोबत एका म्हाताऱ्याचा फोटो घातला होता. म्हातारा नवा पाय पुढे करून उभा होता, चेहरा मात्र फोटो काढणाऱ्यावर वैतागलेला.

पाचही पत्रं दुसऱ्या दिवशी खात्यात द्यायची होती. शिक्काबाई जेवणाच्या टेबलावर ती क्रमाने लावायला बसल्या. जुनी सवय, कागद सरळ रेषेत असले की त्यांना बरं वाटे. पहिली चार त्यांनी हातासरशी लावली. पाचव्यावर अंगठा थांबला.

ऑफिसात त्यांना हे नाव उगीच नव्हतं पडलं. दिवसाला दीडशे शिक्के मारणाऱ्या हाताला शिक्का समजतो. तो एका बाजूला जड बसतो, एका बाजूला हलका. शाई काठाला साचते. जोराने मारला तर मागच्या बाजूला बोटाला लागतो. हा शिक्का सगळीकडे सारखा होता. त्यांनी कागद उलटा करून अंगठा फिरवला. गुळगुळीत.

त्या उठल्या. दोन्ही प्रती एकीवर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावल्या. उन्हात दोन शिक्क्यांचा एकच शिक्का झाला. तोच तिरपेपणा, तेच एका अक्षराचं तुटलेलं टोक, सहीचा तोच फराटा शिक्क्यावरून त्याच ठिकाणी गेलेला. माणसाचा हात जन्मात दोनदा एकाच जागी पडत नाही. हा मारलेला शिक्का नव्हताच. छापलेला होता. कुणीतरी एका खोलीत बसून हे कागद तयार केले होते, आणि त्यांच्या लेकीला पाठवले होते.

खिडकीपाशी किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. मास्तरांनी हाक मारली तेव्हा काचेवर दोन्ही तळहात उमटले होते.

टिटवीने ऐकून घेतलं. पांढरी पडली, मग लाल झाली.

"हे खात्याला कळेल?"

"ती पोर हुशार आहे. पण ती शिक्के वाचते, मारत नाही. नाही कळणार."

"मग झालं तर. त्यांनी पाच पत्रं मागितली, आपण पाच देतोय. विचारलं तेवढंच सांगायचं. तुझंच वाक्य ना?"

"माझंच."

"आई, फाईल बंद होतेय उद्या. उघडली तर मी आत जाईन. मी! आणि व्यास वाढवला हे मी पाचव्या वर्कशॉपला स्वतः लिहून पाठवलंय, 'आनंदाने' असा शब्द घालून. कळतंय का तुला? तू एक शब्द बोललीस तर माझ्याशी पुन्हा बोलू नकोस." दार आपटलं. जिन्यातून पावलं खाली गेली, आणि शिक्काबाईंना वाटलं, प्रत्येक पायरी आपल्या छातीवर आहे.

मास्तर हळूच म्हणाले, "तिचं खोटं नाही. आधीच तुझ्या सल्ल्याने ती अडकलीय. दुसरा सल्ला देताना विचार कर."

त्यांनी विचार केला. आई म्हणून केला, आणि आई म्हणून उत्तर एकच येत होतं: गप्प बस. पोरीला वाचव. जगात कुठे काय गुंडाळलं जातंय ते बघायला सरकारं आहेत. ते उत्तर अगदी बरोबर होतं, फक्त त्याच्याखाली अर्ध्या मीटरचं एक वर्तुळ होतं. त्या नळीच्या दुसऱ्या टोकालाही कुणाची तरी लेक असणार. आणि नंतर तिच्या पायासाठी कुणीतरी जावयांसारख्याच एखाद्या माणसाला पत्र लिहिणार.

सकाळी त्यांनी पाचही पत्रं पिशवीत घातली. पत्रं खात्यात मी देऊन येते, एवढंच मास्तरांना सांगितलं. वर्कशॉपचं दार बंद होतं. बरंच झालं, लेकीच्या नजरेला नजर द्यायचं टळलं, असं म्हणत त्या निघाल्या. वाटेत मनातल्या मनात त्यांनी एकच वाक्य घोळवलं: सल्ला माझा होता, शिक्षा मला द्या. कायद्यात असं काही नसतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, त्या पोरसवदा अधिकारी बाईंच्या दाराबाहेर एक बाक होता. बाकावर टिटवी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, केस न विंचरलेले, डोळे सुजलेले.

शिक्काबाई जागच्या जागी थिजल्या.

"तू?"

"तूच कशी आलीस?" टिटवी म्हणाली. "बोलू नको म्हटलं होतं ना?"

"अजून कुठे बोललेय?"

टिटवीने त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. "रात्रभर ते वर्तुळ पुसायचा प्रयत्न करत होते. फरशी खडबडीत आहे. जात नाही."

दार उघडलं. बाईंनी दोघींना आत बोलावलं, पत्रं घेतली, एकेक पाहिली, पाचव्यावर जरा जास्तच समाधानाने मान डोलावली. "छान. सगळी आलीत. मग मी..."

"थांबा," टिटवी म्हणाली. "ती फाईल बंद करू नका." आणि मग काही न सुचून, लहान मुलीसारखी आईकडे वळली. "आई, दाखव ना त्यांना. खिडकीवर."

शिक्काबाईंनी दोन प्रती उचलल्या. खिडकीपाशी गेल्या. घाईघाईत दोन शिक्के एकावर एक बसेनात. टिटवीने उठून एक कोपरा धरला, मग बसले. अधिकारी बाई खुर्चीवरून उठल्या, जवळ आल्या, काचेला नाक लागेपर्यंत वाकल्या. मग जाऊन त्यांनी दार लावून घेतलं, दोघींना खुर्च्यांवर बसवलं, आणि पातळ फाईल उघडून तिच्यात एक कोरा कागद घातला.

"हे कुणाला कुणाला माहीत आहे?"

"घरातल्या चौघांना," शिक्काबाई म्हणाल्या.

"आणि यांनी तुमच्याकडून आणखी काय घेतलंय?"

हा प्रश्न शेवटी विचारलाच गेला होता. शिक्काबाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं, पण टिटवीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा तिने घट्ट दाबून धरला.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "व्यास मी वाढवून दिला. आनंदाने."